आढ्याचा मुहूर्त

१४ सप्टेंबर
हौत्सो गाव, च्यायी जिल्हा

आदरणीय याओ बाई,

पाकिटामागचं नाव वाचूनही तुम्ही हे पत्र फोडलं असेल, तर आभार. न फोडता बाजूला ठेवलं असेल तर हे वाक्य वाया गेलं, पण त्याला माझा इलाज नाही.

मी च्येन बोयू. चौथ्या वर्षाला तुमच्या स्टुडिओत खिडकीजवळ बसायचो आणि वर्ष पुरं न करताच निघून गेलो, तो. कॉलेजच्या लेखी मी अर्धवट शिकलेला आहे. इथल्या पत्र्याच्या फाटकावर मात्र माझ्या नावापुढे ‘प्रकल्प व्यवस्थापक’ असं रंगवलंय. हे वाचून तुमच्या कपाळावर कुठली आठी पडली असेल, ते मी इथून सांगू शकतो.

मी निघालो तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणाला होतात, “जा. दुसऱ्यांच्या इमारतींच्या तारखा सांभाळ.” त्यानंतर सहा वर्षं मी दर नववर्षाला कार्ड पाठवतोय आणि तुमच्याकडून काही येत नाही. मी तक्रार करत नाही, फक्त नोंदवतो.

आता कारण. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर बसाय-उठायला जे घर होतंय, त्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं. नकाशा टेबलावर उलगडला आणि खालच्या कोपऱ्यात तुमचं नाव दिसलं. मी बसल्या जागेवरून उभा राहिलो. मालकांनी विचारलं, “काय रे, पाल पडली का अंगावर?”

तुमच्या ऑफिसमधला सहायक अधूनमधून येतो. तो म्हणतो, बाई आता तैतुंगला राहतात, नकाशा दिला की साइटकडे फिरकत नाहीत. बाई, या वेळी एकदा यावं लागेल. तुमची ओसरी संकटात आहे.

माशांच्या तळ्यांच्या बाजूला तुम्ही जी लांबच लांब उघडी ओसरी काढली आहे, ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून बंद करायची, असं देवळाच्या समितीचे अध्यक्ष हौ काका म्हणतात. जागा देवळाची, पैसा देवळाचा. माणूस वाईट नाही. त्यांच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

“पोरा, समुद्रावरचा वारा काय असतो ते शहरातल्या बाईंना काय माहीत? माझी आई ब्याण्णव वर्षांची आहे. तिला उघड्यावर बसवू? बोंबलासारखी वाळेल ती.”

“काका, थंडीतला वारा उत्तरेकडून येतो. ओसरी दक्षिणेला आहे. मध्ये अख्खी इमारत आडवी आहे.”

“कागदावर आहे. वारा कागद वाचतो का?”

याचं उत्तर तुम्हीच येऊन द्या. आढं चढवायच्या दिवशी जेवणाच्या पंगतीला समिती हा निर्णय करणार आहे. तोवर मी तो विषय पुढे ढकलत राहीन. ढकलणं मला जमतं, तेवढ्यासाठीच पगार मिळतो. पण पंगतीच्या पुढे तो ढकलता येणार नाही.

तुमचा (हे खोडत नाही, तुम्हाला वाटल्यास खोडा)
च्येन बोयू


६ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

उत्तर आलं नाही. टपाल हरवलं असेल असं समजून आधीच्या पत्राची नक्कल सोबत ठेवली आहे. हरवलं नसेल तर दोन झाली, त्याबद्दल क्षमस्व.

मी इथे नेमकं काय करतो हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्हाला वाटत असेल, हातात घड्याळ घेऊन लोकांच्या मागे उभा राहतो. तसं नाही. परवाचं सांगतो. क्रेनवाला आला आणि क्रेन सुरू करेना. का? तर यंत्रावर ठेवायची हिरव्या पुडीतली मक्याची कुरकुरी कुणीतरी खाऊन टाकली होती. पुडीचं नावच ‘शहाण्यासारखं वाग’, म्हणून ती असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, ही इथली समजूत तुम्ही जाणता. मी दुकानात गेलो. तिथे फक्त पिवळी पुडी. पिवळी ठेवली तर यंत्र बिघडणार, हे क्रेनवालाही जाणतो आणि मीही. तीन गावं फिरून हिरवी आणली, तारीख उलटली नाही ना ते तपासलं, आणि मग लोखंड उतरलं. नकाशात ही पुडी कुठेच नसते, बाई. पण तिच्याशिवाय नकाशा जमिनीवर उतरत नाही.

सुतारांचा मुकादम आ-फा. तोंडात कायम सुपारीचा तोबरा. तो माझी फार चेष्टा करतो. “साहेब, तुम्ही म्हणे घरं काढायला शिकत होतात. मग आमच्यात कसे आलात? नापास?”

“नापास नाही. मध्येच सोडलं.”

“म्हणजे नापास व्हायच्या आधी पळालात. हुशार आहात.”

मी त्याला आपल्या स्टुडिओची गोष्ट सांगितली. तुम्हाला आठवतं का, माहीत नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी पुठ्ठा कापायचं यंत्र एक आणि मुलं तीस, रोज भांडणं. मी सगळ्यांच्या पाळ्या लावून दिल्या. कुणाचं काम जाडं, कुणाचं बारीक, कुणाचा गोंद आधी वाळायला हवा, सगळं पाहून. परीक्षेच्या दिवशी तुम्ही टेबलांवरून फिरलात आणि माझ्यापाशी थांबलात. म्हणालात, “या वर्गात पहिल्यांदाच सगळ्यांची मॉडेलं पूर्ण आहेत. तुझं सोडून.” तुम्ही रागावला होतात. मला मात्र त्या दिवशी पोटभर जेवल्यासारखं वाटलं होतं. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

आ-फा ऐकून म्हणाला, “म्हणजे बाईंनीच तुम्हाला नोकरीला लावलं की.”

कामाची हालहवाल: पाया झाला, खांब झाले. ओसरीची फरशी झाली. उत्तरेची भिंत मी छपराच्या आधीच बांधून घेतली. मालकांनी विचारलं, “आधी भिंत का?” मी म्हटलं, “मागे सिमेंटच्या गोण्या ठेवता येतील, वाऱ्यापावसात भिजणार नाहीत.” त्यांना पटलं.

तुमचा
बोयू


२१ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

तुमचं उत्तर नाही, तरी आढ्याचा मुहूर्त निघाला हे कळवणं माझं कर्तव्य आहे. आणि त्यापायी मी काय उद्योग केला तेही.

देवळातल्या उ गुरुजींनी पंचांग पाहून तेवीस नोव्हेंबर, शनिवार असा दिवस दिला. बारा प्राण्यांच्या चक्रातला ससा दिवस, उत्तम दिवस. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, “फक्त कोंबडा वर्षात जन्मलेल्यांनी त्या दिवशी तिकडे फिरकू नये. सशाशी त्यांचं वैर. त्यांनाही बरं नाही, घरालाही बरं नाही.”

मी तडक खोलीवर गेलो. कॉलेजच्या जुन्या प्रदर्शनाची पुस्तिका माझ्याकडे अजून आहे, तिच्यात तुमच्या फोटोखाली छापलंय: जन्म १९५७. सत्तावन्न म्हणजे कोंबडा. गावात दुसरं कुणी कोंबडा वर्षातलं नव्हतं असं नाही, पण त्यांची कुणाला गरज नव्हती.

मी गुरुजींकडे परत गेलो. “एक दिवस अलीकडे घेता येईल का?”

“शुक्रवारी वाघ दिवस आहे. वाईट नाही. वाघाचं वैर माकडाशी. पण अध्यक्षांनी हो म्हटलंय, आता बदल करायचा तर देवीला विचार.”

शेजारी बसलेल्या हौ काकांनी माझ्याकडे पाहून घेतलं. “कुणासाठी रे एवढं?”

“ज्यांनी घर काढलं, त्या बाईंसाठी. त्या कोंबडा वर्षातल्या आहेत.”

“येणार आहेत त्या?”

“अजून हो म्हणाल्या नाहीत.”

“नाही म्हणाल्यात?”

“तेही म्हणाल्या नाहीत.”

“म्हणजे बाई बोलत नाहीत आणि तू अख्खं गाव एक दिवस अलीकडे सरकवतोस! अरे, माझी आई माकड वर्षातली आहे. पण असू दे, ती तशीही कुठे बाहेर पडत नाही. चल, विचार देवीला.”

मात्झू देवीपुढे गुडघे टेकले. नाव, गाव, पत्ता, कामाचं स्वरूप सगळं नीट सांगितलं आणि लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून कौल मागितला. दोन्हींच्या सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली, ना हो, ना नाही. काका म्हणाले, “तुझ्या प्रश्नातच काहीतरी गंमत आहे. नीट विचार.” मी शब्द बदलून विचारलं. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा एक कोर उताणी, एक पालथी पडली. कौल मिळाला.

मग खरं काम. क्रेन, सुतार, वाजंत्री, सगळे एक दिवस अलीकडे आणायचे. पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या च्वांग काकूंनी तर हात जोडले. “शुक्रवारी माझ्याकडे लग्नाचं जेवण आहे रे. नवरीला काय सांगू, साहेबांचा निरोप आलाय म्हणून?” मी नवरीच्या वडिलांना भेटलो. त्यांचं जेवण संध्याकाळचं, आपलं दुपारचं. एकाच मांडवात दोन्ही बसवली, मांडवाचं भाडं दोघांचंही निम्मं झालं. आता नवरीचे वडील मला जावई करून घ्यायला दुसरी मुलगी नाही म्हणून हळहळतात.

तर बाई, बावीस नोव्हेंबर, शुक्रवार. त्या दिवशी तुम्हाला कसलीही आडकाठी नाही. मी सगळं तपासलं आहे.

तुमचा
बोयू


८ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

तुमचं कार्ड मिळालं.

सहा वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. पोस्टमनने ते फाटकात दिलं आणि मी तिथेच वाचलं: “जन्म ११ जानेवारी १९५७. त्या वर्षी नववर्ष महिन्याच्या अखेरीस लागलं. मी माकड. कोंबडी नव्हे. याओ.”

मी फाटकातच वाळूच्या ढिगावर बसलो. आ-फा धावत आला. “कोण गेलं?”

“कुणी नाही. बाई माकड निघाल्या.”

प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणारा माणूस मी. वर्ष पाहिलं, महिना पाहिला नाही. नववर्षाआधी जन्मलेला माणूस मागच्या वर्षाचा, हे इथे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. तुम्हाला चालणारा शनिवार मी खटपट करून मोडला, आणि न चालणारा शुक्रवार देवीच्या पाया पडून आणला.

हौ काकांना सांगितलं तेव्हा त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. हसून हसून डोळ्यांतून पाणी. “म्हणून हसत होती ती! दोनदा हसली रे बिचारी, तुला सांगत होती!”

आता पुन्हा दिवस बदलणं शक्य नाही. त्याच मांडवात एक नवरी अडकली आहे. मी उ गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, “यायलाच नको असं कुठंय? आढं वर जाताना माकड वर्षातल्यांनी ते बघू नये. पाठ करून बसावं. आढं बसलं की वळावं.”

“कुठे बसावं?”

“आतलं दिसणार नाही अशा जागी.”

अशी जागा साइटवर एकच आहे, बाई. ओसरी.

हे कळल्यावर आणखी एक झालं. हौ आजी, काकांची आई, जी कुठे बाहेर पडत नाही, तिच्या कानावर गेलं की माकडांना मनाई आहे. म्हणाली, “मला नको म्हणणारे तुम्ही कोण? मी येणार.” काकांनी समजावलं, पाठ करून बसावं लागेल, उघड्यावर. ती म्हणाली, “मला ब्याण्णव वर्षं झाली. तुमच्याकडे पाठ करायची फार दिवसांची इच्छा आहे.” तिचं पाहून गावातली सगळी म्हातारी माकडं तयार झाली आहेत. सात जण. तुम्ही आलात तर आठ.

ओसरीचं छप्पर मी कालपासून सुरू केलं, मुख्य छपराच्या आधी. नियमाने उलटं आहे.

आता एक सांगतो. उत्तरेच्या भिंतीमागे गोण्या ठेवल्या हे खरं, पण त्या दुसरीकडेही मावल्या असत्या. ती भिंत उभी नसती, तर ओसरीवर त्या दिवशी वारा आलाच असता, आणि तुमचा नकाशा सगळ्यांदेखत खोटा पडला असता. नकाशा इथे कुणी वाचत नाही. जे आधी उभं राहतं तेच लोकांना दिसतं. म्हणून आधी काय उभं करायचं ते मी ठरवलं. तुम्हाला न विचारता ठरवलं. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा.

च्यायी स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येईन. छत्री, पांघरूण, खुर्ची, सगळं आहे.

तुमचा
बोयू


२४ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

तुम्ही आलात. मी हे लिहून ठेवतोय, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तुम्ही पाठ करून बसला होतात. तेव्हा मागे काय झालं ते सांगणं माझ्याकडे येतं.

आढ्याला लाल कापड गुंडाळलं होतं. क्रेनच्या काचेमागे हिरवी पुडी. आ-फाने तोंडातली सुपारी थुंकली. त्याचे रिकामे गाल मी पहिल्यांदाच पाहिले, दहा वर्षांनी लहान दिसत होता. वारा असा की उदबत्त्या पेटेनात. हौ काका टोपी धरून उभे, तुतारीवाल्याची तुतारी आपली आपणच वाजतेय की काय असं वाटावं. आढं वर गेलं आणि मध्येच फिरायला लागलं, अगदी सावकाश, जणू गाव बघून घेतंय. आ-फा ओरडला, “इकडे बघ बाळा, इकडे!” त्याने दोर ओढला, ते वळलं, आणि खाचेत बसलं. आवाज तुम्हीही ऐकलात. त्या आवाजाला तुमचे खांदे खाली आले, ते मी पाहिलं. मी त्या वेळी क्रेनकडे बघायला हवं होतं.

मग काका धावत ओसरीवर आले. तुम्ही आजीच्या पलीकडे होतात, त्यामुळे सगळं ऐकू आलं नसेल.

“आई, चल आत. गारठलीस ना?”

“गारठायला काय झालं?”

“अगं, वारा...”

“कुठला वारा? तुझी टोपी कुठे गेली?”

काकांची टोपी तेव्हा तळ्यात होती. ते ओसरीच्या मधोमध उभे राहिले आणि हात पुढे करून बघितला, पाऊस बघतात तसा. मग कोपऱ्याबाहेर जाऊन बघितला. परत आत येऊन बघितला. आजी म्हणाली, “नाचतोस काय? बस खाली.” मग तिला आठवलं. “आणि काय रे, इथे काचा लावणार म्हणतात? मला टाकीत घालतोस? हॉटेलातला मासा आहे मी, लोकांनी बोट दाखवून निवडायला?”

बाकीची माकडं हसायला लागली. तुम्हीही हसलात. स्टुडिओत तुम्हाला कधी हसताना पाहिलं नव्हतं.

पुढचं तुम्ही पाहिलंच. मांडवात ताटल्या उडत होत्या, म्हणून च्वांग काकूंनी तांदळाच्या लाल-पांढऱ्या गोळ्यांचं पातेलं ओसरीवरच आणलं, आणि पातेल्यामागून समिती आली. सगळे तळ्याकडे तोंड करून खात बसले. खिडक्यांचा विषय कुणी काढला नाही. तुम्हाला गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा काकांनी मला बाजूला घेतलं.

“त्या खिडक्यांचं काय करायचं मग?”

“कुठल्या खिडक्या, काका?”

काका “बरं,” म्हणाले, आणि टोपी शोधायला गेले.

आता आपलं बोलणं. चहा घेताना तुम्ही तळ्यावरची नजर न काढता विचारलंत, “उत्तरेची भिंत आधी. नकाशात क्रम लिहिला नव्हता मी.” मी म्हटलं, “नव्हता.” तुम्ही म्हणालात, “हं.” स्टुडिओत तुमचे दोन हं होते. एकावर मुलं मॉडेल मोडून पुन्हा करायची, दुसऱ्यावर घरी जाऊन झोपायची. हा कुठला होता, यावर मी दोन दिवस विचार करतोय. मग तुम्ही म्हणालात की ओसरीच्या तिसऱ्या खांबाची कड बोथट आहे. ती काल घासून घेतली. आ-फा म्हणाला, “बाईंना पाठीलाही डोळे आहेत का?”

आणि स्टेशनवर तुम्ही पिशवीतून गुंडाळी काढलीत. “बहिणीचं घर आहे, तैतुंगला. अजून निम्मंच काढलंय. पुढे काढायच्या आधी सांग, तू कुठून सुरुवात करशील.” तेवढ्यात गाडी आली, म्हणून उत्तर इथे लिहितो.

नकाशा मी तीनदा पाहिला. माझ्या मते आधी मागचं स्वयंपाकघर उभं करावं. छप्पर चढलं की काम करणाऱ्यांचं जेवण तिथेच होईल, आणि तुमची बहीण रोज तिथे बसून बाकीचं घर बघेल. तिला काय नको आहे ते भिंती उठायच्या आधी कळेल. म्हणून पुढच्या खोल्यांच्या खिडक्या तुम्ही आत्ताच काढू नका, अशी विनंती. पण एक गोष्ट कागदावरून कळत नाही. घराकडे जाणारी गल्ली शेवटी जिथे वळते, तिथून सिमेंटची गाडी वळेल का? ते जाऊन पाहावं लागेल.

येत्या रविवारी येतो. मोजपट्टी आणतो, तुमच्या बहिणीसाठी इथल्या तळ्यातले मासे आणतो. यायला नको असेल तर कळवा. काही कळवलं नाहीत तर हो समजेन. सहा वर्षं तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ मी नाही असा धरत आलो. आता एकदा उलटा धरून बघतो.

तुमचा विद्यार्थी
च्येन बोयू